सायकलचा रकाना

रस्ते खात्यात त्यांना सगळे मोजणीमास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. त्यांचं काम एवढंच, की सांगितलेल्या रस्त्याच्या कडेला घडीचं स्टूल टाकून सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत बसायचं आणि समोरून जे जाईल ते तक्त्यात उतरवायचं. ट्रक, बस, मोटार, मोटारसायकल, सायकल, पादचारी असे सहा रकाने. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, की झाला एक जुडगा. पाव तास संपला की खाली बेरीज आणि पुढची ओळ. तेवीस वर्षं मास्तर हे करत होते आणि तेवीस वर्षांत त्यांनी न पाहिलेलं एकही वाहन लिहिलं नव्हतं, की पाहिलेलं सोडलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की बायको वैतागून म्हणायची, "अहो, देवळात जाऊन बसा त्यापेक्षा, लोक पाया तरी पडतील."

मोजणीचे नियम त्यांना तोंडपाठ होते. सायकलच्या मागे बसलेला माणूस वेगळा मोजायचा नाही. तेच वाहन परत आलं तर परत मोजायचं. आणि नियम चौदा, सायकल हातात धरून चालणारी व्यक्ती पादचारी समजावी. हा चौदावा नियम ऐकून बायको एकदा पोट धरून हसली होती. "म्हणजे चाक पंक्चर झालं की माझी सायकल गायब? हे तर जादूगाराचं खातं झालं!"

मोठ्या रस्त्याची मोजणी दर तीन वर्षांनी व्हायची आणि ती जागा मास्तरांचीच ठरलेली. पहिल्या खेपेला त्या रस्त्यावर दिवसात तीनशे चाळीस सायकली गेल्या होत्या. तेव्हा मोटारीही बेताच्याच होत्या. पुढच्या खेपेला मोटारी दुप्पट झाल्या, सायकली एकशे दहा. आणखी काही खेपांनी एकतीस. आणि गेल्या खेपेला चार. तक्त्यातला सायकलचा रकाना उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखा पांढरा स्वच्छ दिसे. खात्याच्या अहवालात दर वेळी एकच वाक्य येई, लोकांनी सायकल चालवणं सोडलं आहे, तेव्हा सायकलसाठी रस्त्यात वेगळी जागा राखण्याची गरज नाही.

मास्तरांनाही ते पटायचं. आणि गंमत अशी, की त्यांची स्वतःची बायको रोज सायकलनं कामाला जायची! घरातली सायकल एका कप्प्यात आणि तक्त्यातली सायकल दुसऱ्या कप्प्यात, असं त्यांच्या डोक्याचं कपाट होतं. शहाण्या माणसांच्या डोक्यात असे कप्पे जरा जास्तच असतात.

बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. दिवसभर ओल्या चादरी उचलून तिचा डावा गुडघा कामातून गेला होता. चार पावलं चाललं की कळ थेट कमरेपर्यंत जायची. पण सायकलवर तोच गुडघा मुकाट चालायचा. डॉक्टरनंही सांगितलं होतं, चालणं कमी करा, सायकल सोडू नका. बसनं जायचं तर दोन बदलाव्या लागत आणि दोन्ही थांबे लांब. म्हणजे सायकल होती म्हणून तिची नोकरी होती. हे घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण दोघांनाही माहीत होतं.

मोठ्या रस्त्यावर ती पाच वर्षांपूर्वीपर्यंत जात होती. एके दिवशी एका मोटारीचा बाजूचा आरसा तिच्या कोपराला लागला आणि ती गटारात पडली. मोटारवाला थांबला, उतरला, त्यानं आरसा नीट आहे का ते पाहिलं, आणि निघून गेला. मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. प्लास्टर निघाल्यावर तिनं मोठ्या रस्त्याला कायमचे हात जोडले आणि दुसरी वाट शोधून काढली.

ती वाट म्हणजे कालवा आणि सूतगिरणीची मागची भिंत यांच्या मधली पट्टी. एक मोटार कशीबशी जाईल एवढी रुंद. तोंडाशी मधोमध एक लोखंडी खांब रोवलेला, त्यामुळे मोटार आत शिरूच शकत नव्हती. बारा मिनिटं जास्त लागत, दोन ठिकाणी वळण चुकायला होई, पण अंगावर कोणी येत नसे. बायकोनं लाँड्रीतली शाई आणली. चादरींवर नंबर घालायची ती शाई, कितीही धुतली तरी जात नाही. त्या शाईनं तिनं गिरणीच्या भिंतीवर बाण काढले. इकडे वळा, इकडे नाही, इथे खड्डा आहे. आधी लाँड्रीतल्या बायका तिच्या मागून यायला लागल्या. मग नर्सेस. मग बेकरीवाला, गिरणीतले कामगार, शाळेतल्या दोन शिक्षिका. ज्यांनी ज्यांनी मोटारींना घाबरून मोठा रस्ता सोडला होता, ते सगळे त्या बाणांमागून चालले होते. सकाळी त्या वाटेवर घंट्यांचा नुसता किणकिणाट असे. लोक तिला बाणवाली म्हणायला लागले, आणि ती वरवर रागवायची.

"तुम्ही आम्हाला कधी मोजणार?" ती मास्तरांना विचारायची. "शंभरावर माणसं जातात रोज. तुमच्या तक्त्यात आम्ही मेलेलोच."

"जागांची यादी वरून येते. मला दिलेल्या जागी जे दिसतं ते मी लिहितो."

"आणि दिसत नाही ते नसतंच का?"

मास्तर पेन्सिलीला टोक करत बसायचे.

मोजणीच्या आदल्या वर्षी बातमी आली, की मोठा रस्ता कोंडतोय, खातं काहीतरी करणार आहे. कोणी म्हणे सायकलची पट्टी आखणार, कोणी म्हणे नवा रस्ता काढणार. बायकोनं अर्ज लिहिला. कालव्याच्या वाटेवर इतके सायकलवाले जातात, त्यांची मोजणी व्हावी आणि ती वाट सायकलसाठी राखावी. एकशे बारा सह्या गोळा केल्या, त्यातल्या चार अंगठ्याच्या. मास्तर हसले. "आमच्याकडे अर्जासाठी केराच्या टोपल्या कमी पडतात." आठ महिने गेले, पोचसुद्धा आली नाही. बायकोनं अर्जाचं नाव घेणं सोडलं.

मग मोजणीची पाकिटं निघाली. ही पाकिटं बंद असत. कोणाला कुठली जागा आणि कुठला दिवस, हे ज्याचं त्यालाच कळायचं आणि त्यानं बाहेर बोलायचं नाही. कारण पूर्वी एकदा एका ट्रकवाल्यानं मोजणीचा दिवस काढून घेतला आणि आपल्या भागातला रस्ता रुंद व्हावा म्हणून आपलेच नऊ ट्रक दिवसभर गोल गोल फिरवले. तेव्हापासून पाकिटाला लाख. तेवीस वर्षांत मास्तरांनी घरातसुद्धा पाकिटातलं सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बायको गुडघ्याला शेक देत बसली होती. बातम्यांचा विषय निघाला आणि ती म्हणाली, "पुन्हा तुम्ही मोठ्या रस्त्यावर बसणार, पुन्हा चार सायकली लिहिणार आणि पुन्हा ते म्हणणार, सायकली नाहीतच. बरं आहे. माणसानं आधी घाबरून पळायचं, मग पळाला म्हणून त्याचं नाव खोडायचं."

 मास्तर तक्त्याची पाटी पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "येत्या बुधवारी."

बायकोनं शेकाची पिशवी खाली ठेवली. "काय येत्या बुधवारी?"

"मी काही बोललो नाही."

ती काय समजायचं ते समजली. चार दिवस तिनं लाँड्रीत, बेकरीत, नर्सेसच्या खोलीत एकच निरोप फिरवला. बुधवारी वाटेनं जायचं नाही. बुधवारी सगळ्यांनी मोठ्या रस्त्यानं जायचं, जाताना आणि येताना. भीती वाटली तरी जायचं. एक दिवस दिसायचं.

बुधवारी सकाळी साडेसातला मास्तरांनी त्यांना पाहिलं. बसच्या मागून, ट्रकच्या धुरातून पहिल्यांदा बायकोचा चेहरा आला. पांढराफटक. दोन्ही हातांनी हँडल गच्च धरलेलं. तिच्या मागे नर्सेस, मागे बेकरीवाला रिकामी टोपली बांधून, मागे गिरणीवाले. मोटारी भोंगे वाजवत होत्या, एकानं काच खाली करून शिवीही दिली. सगळे पुढे बघत पायडल मारत राहिले. बायको मास्तरांच्या समोरून गेली, पण ओळख दाखवली नाही. ठरलंच होतं तसं.

मास्तरांची पेन्सिल धावत होती. जुडग्यावर जुडगा. सायकलचा रकाना भरला, तेव्हा त्यांनी समासात रेघा ओढल्या. सकाळच्या चौऱ्याण्णव, संध्याकाळच्या सत्त्याऐंशी. त्यांनी एकही रेघ खोटी ओढली नव्हती, जे दिसलं तेच लिहिलं होतं. उगाच डोळे भरून आले आणि त्याचा दोष त्यांनी धुराला दिला. तेवीस वर्षांत इतका आनंद त्यांना कुठल्या तक्त्यानं दिला नव्हता.

घरी बायको पलंगावर आडवी झाली होती.  "किती?" तिनं विचारलं.

"एकशे एक्याऐंशी."

ती छताकडे बघत हसली. "आता म्हणा, सायकली नाहीत म्हणून."

आठवड्यानं मास्तर तक्ता द्यायला खात्यात गेले. जिन्याजवळच्या बाकावर नवी मुलगी बसली होती. दोन महिन्यांपूर्वीच मोजणीवर लागलेली, कामाची भारी हौस. मोजणीचा दिवस आता उलटून गेला होता, त्यामुळे बोलायला हरकत नव्हती.

"काका, माझी पहिलीच मोजणी आणि काय जागा मिळाली बघा!" ती म्हणाली. "दिवसभर चिटपाखरू नाही. डोळ्यांत तेल घालून बसले, तर दोन सायकली. त्याही एकाच माणसाच्या. एक बहिरे आजोबा मासे धरायला गेले आणि परत आले. शेवटी मी कालव्यातली बदकं मोजली."

मास्तरांचा हात कठड्यावर थांबला. "कुठला कालवा?"

"गिरणीच्या मागची वाट. बुधवारी."

तिनं आपला तक्ता दोन दिवसांपूर्वीच जमा केला होता. मास्तरांनी तिच्याकडची नक्कल मागून घेतली आणि पाहिली. सुबक अक्षर, एकेका पाव तासाची ओळ, शून्य, शून्य, शून्य. पोरीनं काम चोख केलं होतं. तिच्या जागी तेही असते, तर त्यांनीही हेच लिहिलं असतं. बहिऱ्या म्हाताऱ्यापर्यंत तेवढा निरोप पोचला नव्हता.

ते तसेच साहेबांच्या खोलीत शिरले. साहेब माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्यानं मास्तरांना बसायला सांगितलं, पाणी पुढे केलं.

"तुमच्या घरूनच आला होता ना तो अर्ज? कालव्याच्या वाटेचा? मी वाचला होता. मला पटला म्हणून मी स्वतः ती जागा यादीत घातली, तीही मोठ्या रस्त्याच्याच दिवशी, म्हणजे दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून बघता येतील. वर भांडून घेतली ती मोजणी. पण मास्तर, दोन सायकली? एकशे बारा सह्या आणि दोन सायकली? माझं हसं झालं हो वर."

मास्तर उभे राहिले.  "साहेब, चूक माझी आहे. मी घरात दिवस फोडला. तिनं सगळ्यांना मोठ्या रस्त्यावर आणलं. मला वाटलं, मोजणी तिथेच आहे. ती माणसं इकडे होती, म्हणून तिकडे नव्हती."

 साहेबाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता. त्यानं मास्तरांचा तक्ता ओढला आणि त्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारली.

"हा रद्द. फोडलेल्या दिवसाची मोजणी धरता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"आणि कालव्याचा?"

"त्यात काय लबाडी झाली? त्या मुलीनं कोणाला काही सांगितलं नाही, दिसलं ते लिहिलं. तो तक्ता स्वच्छ आहे."

"पण साहेब, हा खोटा झाला म्हणूनच तोही—"

"मास्तर, कागदावर बोलू या. रद्द तक्त्यातल्या सायकली मी पुरावा म्हणून कशा धरू? त्या आता नाहीतच." साहेबानं तक्ता बाजूला ठेवला. "पुढची मोजणी तीन वर्षांनी. तुमच्या नोकरीला मी हात लावत नाही, तेवीस वर्षांकडे बघून. पण हे बाहेर बोलू नका."

आणि मास्तर बोलले नाहीत. हेही सांगायला हवं. नोकरी वाचली तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं होतं. त्या क्षणाची त्यांना पुढे फार लाज वाटली.

घरी बायको भाजी निवडत होती. मास्तरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती भांडेल, रडेल, ताट आपटेल असं त्यांना वाटलं होतं. ती देठ मोडत राहिली.

"म्हणजे अर्ज वाचला होता कोणीतरी," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि आम्ही गप्प रोजच्या वाटेनं गेलो असतो, तर..."

"हो."

"तुम्ही तेवीस वर्षांत एकदा तोंड उघडलंत. तेही नेमकं तेव्हा." हे ती ओरडून बोलली असती, तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली आणि भाजी घेऊन आत गेली.

पाच महिन्यांनी खात्यानं गिरणीच्या मागचा खांब कापला. अहवालात लिहिलं होतं, ही वाट वापरात नाही, ती मोटारींना खुली केल्यास मोठ्या रस्त्यावरचा भार कमी होईल. डांबर पडलं. पहिल्याच सोमवारी सकाळी मोटारी तिथून सुसाट निघाल्या. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कालवा, मध्ये त्या. सायकलला सरकायला जागाच नव्हती. दोन नर्सेसनी मोटारसायकली घेतल्या. बेकरीवाला पहाटे अंधारात जायला लागला, मग त्यानं धंदा पुतण्याला दिला. शाळेतल्या शिक्षिकांनी बदली मागितली. बायकोनं तिसरी वाट शोधली, पण तिसरी वाट नव्हतीच. आठवडाभर ती मोटारींमधून गेली. एकदा भोंग्यानं दचकून कालव्याच्या कठड्यावर आदळली आणि त्यानंतर तिची काही सायकलवर बसायची छाती झाली नाही. बसचे थांबे गुडघ्याला झेपले नाहीत. लाँड्रीतल्या मुकादमानं तिला सांगितलं, महिनाभर बघतो, रोज उशीर चालणार नाही.

नवा रस्ता कसा चाललाय हे बघायला खात्यानं तिथं मोजणी लावली. पाकिटात मास्तरांची जागा निघाली. ती बदलून मागायची त्यांची हिंमत झाली नाही.

सकाळी सातला त्यांनी गिरणीच्या भिंतीशी स्टूल टाकलं. भिंतीवर बाण तसाच होता, डांबराच्या शिंतोड्यांखालीही शाई पुसली गेली नव्हती. आठपर्यंत दोनशे सहा मोटारी झाल्या. सायकलचा रकाना पांढरा.

आठ वाजून दहा मिनिटांनी बायको आली. ती सायकल हातात धरून चालत होती. तिच्यासाठी ती आता सायकल नव्हती, काठी होती. उजवा हात हँडलवर, डावा सीटवर, आणि डावं पाऊल टाकताना सगळं अंग सायकलवर रेलत होतं. मोटार आली की ती भिंतीला चिकटून उभी राही, मग पुन्हा चार पावलं. या गतीनं ती साडेनऊला पोचणार होती. कामावर आठला हजर व्हायचं असे.

मास्तरांनी पेन्सिल उचलली. ती सायकलच्या रकान्यावर येऊन थांबली. एक रेघ. कोणाला कळणार होतं? साहेबाला नाही, त्या नव्या मुलीलाही नाही. तेवीस वर्षांतली एकुलती एक खोटी रेघ त्यांनी तिच्या नावानं ओढली असती, तर देवानंही डोळे मिटून घेतले असते.

बायको त्यांच्यासमोर येऊन थांबली. धाप लागली होती. तिनं हनुवटीनं पाटीकडे खूण केली.

"कुठे घातलंत मला?"

मास्तरांनी पाटी तिच्याकडे वळवली. सहाव्या रकान्यात, पादचाऱ्यांखाली, एक ताजी उभी रेघ होती.

तिनं ती बघितली. 

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नियम चौदा." मग तिनं हँडल सावरलं आणि पाऊल उचललं. "संध्याकाळची पण लिहायला विसरू नका. मी चालतच येणार आहे."

मास्तरांनी मान हलवली. ती बोलत होती तेवढ्यात सात मोटारी गेल्या होत्या. त्यांनी त्या मनात धरून ठेवल्या होत्या. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर त्यांनी तिसऱ्या रकान्यात त्या सातही रेघा ओढल्या.